सैनिकाच्या कबरीवरचा दगड: अर्ज कुठे करायचा?

(इंद्रलोक, भाईंदर पूर्व येथील सहभागिता मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून)



मला आज 'पाड्यांवरचं आपलं सेवाकार्य' असा विषय दिला आहे. त्यातलं एकच काम मी घेणार आहे. ते शाळेचं नाही, दवाखान्याचं नाही, कबरीचं आहे. दरवर्षीच्या अहवालात आपण किती वह्या वाटल्या, किती शिबिरं घेतली हे लिहितो. किती माणसांना पुरलं आणि त्यांच्या डोक्याशी काय ठेवलं, याचा रकाना त्या अहवालात नाही.

गेल्या वर्षभरात तीन वेगवेगळ्या घरांतून मला एकच प्रश्न आला. दोन घरं काशिमिऱ्याच्या बाजूच्या पाड्यांवरची, एक इथलंच, इंद्रलोकमधलं. प्रश्न असा: "आमचे बाबा फौजेत होते. फौजीच्या कबरीसाठी सरकारकडून दगड मिळतो म्हणतात. अर्ज कुठे करायचा?"

हे लोकांच्या कानावर कुठून आलं ते मी शोधलं. एका घरात परदेशी असलेल्या पाहुण्याने फोनवर सांगितलं होतं. त्याने खोटं सांगितलं नव्हतं. अमेरिकेत अशी सोय खरोखर आहे. सन्मानाने सेवामुक्त झालेला सैनिक म्हातारपणी घरी, अंथरुणावर वारला, तरी त्याच्या कबरीसाठी तिथलं सरकार नाव कोरलेला दगड विनामूल्य देतं. कबर खासगी दफनभूमीत असली तरी देतं. तो बसवण्याचा खर्च मात्र तिथे कुटुंबाचा. खासगी दफनभूमीतल्या सैनिकांसाठीचा हा कायदा १८७९ सालचा आहे.

आपल्याकडे अशी योजना नाही. निवृत्त होऊन घरी परतलेला आणि घरीच वारलेला सैनिक, त्याच्या कबरीवर सरकारने दगड बसवावा असा अर्ज आपल्या देशात नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर नावं आहेत. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याचं उद्घाटन झालं तेव्हा पंचवीस हजारांहून जास्त नावं ग्रॅनाइटवर कोरलेली होती. पण ती स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर प्राण दिलेल्यांची आहेत. पेन्शन घेऊन, मग सोसायटीच्या गेटवर वॉचमन राहून, सत्तरीत दम्याने गेलेल्या नायकाचं नाव तिथे येत नाही.

हे मी आधीच स्पष्ट सांगते, कारण अर्जाच्या आशेने लोक एजंटाला पैसे देतात. या कामासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

तरीही काही कुटुंबांसाठी अर्जाची वाट आहे, आणि आपल्या वसई-उत्तन-भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या घरांना ती माहीत असायला हवी. पुण्याला खडकीला युद्ध दफनभूमी आहे. आपल्यापैकी कोणी गेलं असेल तर आठवेल, हिरवळीवर एकसारख्या दगडांच्या ओळी. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी तिथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या, जिथे कायमची देखभाल होणार नाही अशा जागांवरून त्या तिथे आणल्या गेल्या. पहिल्या महायुद्धातल्या अठराशेहून जास्त जणांची नावंही तिथे स्मारकावर आहेत. त्यांच्या कबरी देशभरच्या छावण्यांच्या दफनभूमीत होत्या आणि सांभाळणं अशक्य झालं होतं.

ही जागा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन सांभाळतं. मी नुसतं 'आयोग' म्हणेन. २१ मे १९१७ रोजी तो स्थापन झाला. सहा देशांची सरकारं त्याचा खर्च उचलतात आणि त्यांत भारत सरकार आहे. म्हणजे तो दगड आपल्याही सरकारचा आहे. आयोगाचं तत्त्व मला एखाद्या प्रवचनासारखं वाटतं: प्रत्येकाचं नाव, आणि हुद्दा, वंश, धर्म न बघता सर्वांना सारखा मान. जनरलचा दगड मोठा नाही, शिपायाचा लहान नाही. दगडावर सेवा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, मृत्यूची तारीख, धर्माचं चिन्ह, आणि तळाशी कुटुंबाने निवडलेली ओळ, जास्तीत जास्त ६६ अक्षरांची.

मोठ्या दफनभूमींत आयोगाचा एक स्मरणशिला असते. तिच्यावरचे शब्द रुडयार्ड किपलिंगने निवडले. हा माणूस १८६५ साली आपल्या मुंबईतच जन्मला. शब्द त्याने बेनसिराच्या पुस्तकातून घेतले. आपल्यातल्या प्रोटेस्टंट मंडळींच्या बायबलात ते पुस्तक नाही, कॅथलिक बंधूंच्या आहे. डिप्लोमाच्या वर्गात यावर आमचा एक अख्खा तास वादात गेला होता. किपलिंगचा एकुलता मुलगा १९१५ साली फ्रान्समध्ये लूसच्या लढाईत गेला. बापाच्या हयातीत मुलाची कबर सापडली नाही.

पण तत्त्व एक आणि व्यवहार एक, हे जसं मंडळीत घडतं तसं आयोगातही घडलं. पहिल्या महायुद्धात पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली. त्या मोहिमेत आपल्या मराठा पलटणी होत्या, कूतच्या वेढ्यात उपाशी राहून माणसं मेली. पुढे बसऱ्याला स्मारक झालं. हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, आणि साध्या हिंदी शिपायांचा फक्त आकडा: अमुक पलटणीचे इतके. एप्रिल २०२१ मध्ये आयोगाने स्वतःच्या चौकशी समितीचा अहवाल छापला. त्यात कबूल केलं आहे की आफ्रिका, इजिप्त, भारत इथल्या ४५,००० ते ५४,००० जणांना इतरांच्या बरोबरीने स्मरलं गेलं नाही, आणि आणखी किमान १,१६,००० जणांचं, कदाचित ३,५०,००० पर्यंत, नावच कुठे नाही. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. तेव्हापासून आयोग राहिलेली नावं शोधतो आहे. म्हणून अर्जाला आज अर्थ आहे.

आदिवासींमध्ये काम करणाऱ्या आपल्या संस्थेने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९१७ साली फ्रान्सला जे हिंदी मजूर दल गेलं त्यात रांचीकडचे उराँव, मुंडा, संथाळ, ईशान्येचे नागा, लुशाई असे आदिवासी मोठ्या संख्येने होते. मिशनरी त्यांच्याबरोबर गेले होते. बंदूक न देता खंदक, रस्ते, सामान वाहणं हे काम त्यांना दिलं. फ्रान्समधल्या आयेत या गावी एका लहान दफनभूमीत हिंदी आणि चिनी मजुरांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत.

आता अर्जाचं. चार गोष्टी दाखवाव्या लागतात. माणूस त्या वेळच्या सैन्यात, नौदलात किंवा हवाई दलात होता. मृत्यू ठरलेल्या काळातला आहे: पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. सैन्यातून सुटल्यावर वारला असेल, तर मरण सेवेत झालेल्या जखमेने किंवा आजाराने आलं. आणि त्याचं नाव आधीच कुठे नोंदलेलं नाही. उदाहरण देते. पणजोबा ब्रह्मदेशात लढले आणि १९७५ साली वसईत वारले: मिळणार नाही. पणजोबा नोकरीत असताना जुलै १९४६ मध्ये लष्करी रुग्णालयात क्षयाने वारले: तुम्ही अर्ज करू शकता. युद्ध ऑगस्ट १९४५ मध्ये संपलं म्हणून लोक तिथेच थांबतात. थांबू नका, तारीख १९४७ च्या डिसेंबरअखेरपर्यंत आहे.

जहाजावरच्या माणसांची कुटुंबंही ऐका. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून जास्त नाविकांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या सुमारे साडेसहा हजारांची नावं एका पुस्तकात लिहिलेली आहेत. त्या पुस्तकाची एक प्रत मुंबईत आणि एक चितगावला. भाईंदरहून लोकलने मस्जिद तासा-दीड तासावर. ज्यांच्या घरात 'आजोबा बोटीवर गेले ते आलेच नाहीत' एवढंच सांगितलं जातं, त्यांनी आधी तिथलं नाव बघावं.

आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधायला आणि अर्जालाही पैसे लागत नाहीत. नाव मिळालं नाही तर स्पेलिंग बदलून शोधा, गावाच्या नावाने शोधा, पलटणीने शोधा. इंग्रज कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलं आहे. नोंद सापडली पण चुकीची असेल तरी दुरुस्ती मागता येते. आणि पुरावा म्हणून काय? सेवापुस्तिका, डिस्चार्जचा कागद, मृत्यूचा दाखला. पण कित्येक घरांत यातलं काही उरलेलं नसतं. उरते ती मंडळीची दफनाची नोंदवही. पाळकाने शाईने लिहिलेली ती एक ओळ, 'शिपाई, अमुक पलटण, वय अमुक, अमुक दिवशी मातीस दिला'. आपल्या जुन्या देवळांतल्या या वह्या कोकणच्या पावसात बुरशीने आणि वाळवीने संपत आल्या आहेत. त्या वाचवायला फार खर्च नाही. एका शनिवारी दोन मुलं आणि एक चांगला मोबाइल पुरेसा आहे. आपण ते का केलेलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आता ज्यांना कुठलाच अर्ज लागू होत नाही त्यांच्याविषयी, कारण आपल्याकडे येणारी बहुतेक कुटुंबं तीच आहेत.

तुम्हांला लान्सनायक अल्बर्ट एक्का माहीत असतील. गुमला जिल्ह्यातल्या जारी गावचा उराँव आदिवासी, ख्रिस्ती घरातला. ३ डिसेंबर १९७१ च्या रात्री गंगासागरच्या लढाईत शत्रूच्या मशीनगनवर चालून गेला आणि गेला. १९७१ च्या पूर्व आघाडीवरचं एकमेव परमवीर चक्र त्याचं. रांचीत त्याच्या नावाचा चौक आहे, २००० साली टपाल तिकीट निघालं. त्याला पुरलं होतं आगरतळ्याजवळच्या एका खेड्यात, सोबत्यांबरोबर. आणि घरच्यांना ती जागा कित्येक वर्षं माहीत नव्हती. २०१५ च्या अखेरीस झारखंडमधून माणसं गेली आणि तिथली माती घेऊन आली. कुटुंबाने ती घ्यायला नकार दिला. ही माती त्याच कबरीची, याचा पुरावा काय? मग घरची माणसं आगरतळ्याला गेली, जागा स्वतः पाहिली, आणि तेव्हा माती गावी आली. चौक होता, तिकीट होतं, देशातला सर्वांत मोठा मान होता. चव्वेचाळीस वर्षांनी कुटुंब विचारत होतं ते एवढंच, की आमचा माणूस नेमका कुठे आहे.

एक्का ज्या १४ गार्ड्समध्ये होते त्या गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आज आपल्या महाराष्ट्रात, नागपूरजवळ कामठीला आहे. इंद्रलोकमधल्या ज्या घराचा मी उल्लेख केला ते याच पलटणीतल्या एका नायकाचं. तोही उराँव. निवृत्तीनंतर मुलाबरोबर मुंबईला आला आणि इथल्याच एका इमारतीच्या गेटवर वॉचमन होता. तुमच्यातल्या काहींना त्याने रोज सलाम केला आहे. तो गेला. दफन झालं. कबरीवर लाकडी क्रूस, त्यावर रंगाने नाव. दोन पावसाळ्यांत नाव धुऊन गेलं. त्या दफनभूमीचा नियम असा की जागा कमी, म्हणून साधी कबर ठरावीक वर्षांनी उघडून दुसऱ्याला देतात. मुंबईच्या आसपास बहुतेक ठिकाणी हेच आहे, त्यात कोणाची दुष्टबुद्धी नाही. आजींचं म्हणणं मात्र सरळ होतं: "दीदी, नाव गेलं तर उघडताना त्यांना कळणार कसं की इथे कोण आहे?"

आम्ही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनाने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि दगडाची योजना नाही हे सांगितलं. मग त्याने स्वतःहून कागद मागितले आणि एक प्रश्न विचारला जो आम्हां कोणालाच सुचला नव्हता: "आजी, तुमची फॅमिली पेन्शन सुरू झाली का?" झाली नव्हती. आजींना वाटत होतं पेन्शन नवऱ्याबरोबर गेली. कागद उलगडले तेव्हा दिसलं, पलटणीच्या नोंदीत बायकोचं नाव होतं त्यांचं घरचं कुडुख नाव, लग्नानंतर गावाकडच्या कुणी सांगितलेलं. आधारकार्डावर बाप्तिस्म्याचं नाव. बँकेच्या दृष्टीने या दोन बायका.

मग काम सुरू झालं ते दगडाचं नव्हे, नावाचं. दोन्ही नावं एकाच स्त्रीची आहेत असं प्रतिज्ञापत्र. गुमल्याकडच्या पॅरिशमधून लग्नाचा दाखला. तिथल्या फादरांनी जुनी वही काढून आठवडाभरात पाठवला, देव त्यांचं भलं करो. जिल्हा कार्यालयाच्या शिक्क्यानिशी सगळं कामठीच्या रेकॉर्ड ऑफिसला. तिथे कुटुंबाच्या नोंदीतला बदल अधिकृतपणे चढतो. त्याला फौजेत पार्ट टू ऑर्डर म्हणतात. आठ महिने लागले. पेन्शन सुरू झाली, थकबाकी मिळाली, आणि त्या थकबाकीतून आजींनी दगड घेतला. आपल्या निधीतून देऊ केला तर नको म्हणाल्या. त्यांच्याच कमाईचा हवा.

दगड कडप्प्याचा, दीड फुटाचा. काय कोरायचं यावर घरात दोन संध्याकाळी बैठक झाली. नातवाला तिरंगा आणि तीन सिंह हवे होते. मी त्याला सांगितलं, सिंहांचं ते राजचिन्ह खासगी दगडावर कोरू नये, २००५ सालचा कायदा आहे. शवपेटीवर तिरंगा पांघरणंही शासकीय किंवा सैन्यदलाच्या अंत्यविधीतच चालतं. मुलगा हिरमुसला. मी त्याला खडकीच्या दगडांचे फोटो दाखवले. त्यांवर नाव आणि क्रमांक ठळक, सजावट अगदी थोडी, तरी फौजी दगड आहे हे लांबून कळतं. शेवटी क्रूस, सेवा क्रमांक, नायक, नाव, पलटण, जन्म, मृत्यू, आणि तळाला कुडुखमध्ये तीन शब्द. सेवा क्रमांक आजींनी तीनदा तपासून घेतला. कारागीर म्हणाला, नंबर कशाला, नाव पुरे. आजी म्हणाल्या, "नावाची माणसं खूप असतात. नंबर एकाचाच असतो."

जागा कायमची मिळाली नाही. समितीशी बोललो तेव्हा इतकं मान्य झालं की कबर उघडण्याची वेळ येईल तेव्हा तो दगड कुंपणाच्या भिंतीत बसवू देतील. मला हे पुरेसं वाटत नाही, पण लेखी मिळालं आहे.

यात धर्मशास्त्राचा मुद्दा आणायचा तर उत्पत्तीच्या पुस्तकातला आणते. राहेल वाटेत, एफ्राथाच्या रस्त्यावर वारली, आणि याकोबाने तिच्या कबरीवर स्तंभ उभा केला. ते लोक प्रवासात होते, त्यांची स्वतःची जमीन तिथे नव्हती. अब्राहामाने सारेसाठी जागा घेतली ती चारशे शेकेल चांदी मोजून, गावच्या वेशीत सगळ्यांसमोर, व्यवहार पक्का करून. बायबलातले पूर्वज कबरीच्या बाबतीत फार व्यवहारी होते. कागद आणि दगड, दोन्ही.

आपल्या मातीतही हे आहे. बोरिवलीला एक्सरला वीरगळ आहेत, शिलाहार काळातल्या समुद्री लढाईचे. इथून तीन-चार स्टेशनं. होड्या, वल्ही, पडलेले योद्धे, वर स्वर्गात गेलेले, सगळं कोरलेलं. लढणारे कोण होते, त्यांची नावं मात्र आज वाचता येत नाहीत. मुंडा लोकांत कुळाच्या पुरलेल्या हाडांवर शिळा ठेवतात, ससनदिरी. त्या शिळा म्हणजे आपल्या गावावरच्या हक्काचा दाखला, असं ते मानतात. ख्रिस्ती झालेल्या आदिवासी घरात आजी दगडासाठी अडून बसते तेव्हा तिला 'आत्मा प्रभूकडे आहे, दगडाचं काय एवढं' असं सांगणारे आपले काही बंधू आहेत. मी त्यांना विनंती करते, असं सांगू नका. ती मूर्ती मागत नाही. पत्ता मागते आहे.

मी कार्यकारिणीपुढे तीन मागण्या ठेवल्या आहेत, त्या इथेही सांगते. आपल्या कामाच्या पाड्यांवर आणि वस्त्यांत माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा किती आहेत, याची यादी या तिमाहीत व्हावी. मंडळीच्या दफन नोंदवह्यांची छायाचित्रं घेतली जावीत. आणि एक लहान निधी असावा, फक्त नाव कोरण्यासाठी. संगमरवर नको, कडप्पा चालेल.

पण त्याआधी जिवंत माणसांकडे जा. पाड्यावर म्हातारा फौजी असेल तर त्याला आजच विचारा: डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव कसं लिहिलंय? आधारवर कसं आहे? जन्मतारीख जुळते का? तो हयात असताना ही दुरुस्ती त्याच्या एका अर्जावर होते. तो गेल्यावर विधवेला प्रतिज्ञापत्रं, साक्षीदार आणि महिनोन् महिने लागतात. डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मृत्यू झाला तर २१ दिवसांत महापालिकेत नोंद करा, आणि दाखल्यावरचं नाव डिस्चार्ज बुकातल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवूनच फॉर्म द्या. पेन्शन देणाऱ्या बँकेला आणि रेकॉर्ड ऑफिसला कळवा.

पुढच्या दोन रविवारी उपासनेनंतर मी मागच्या खोलीत बसणार आहे. कागद घेऊन या. मूळ प्रती घरीच ठेवा, झेरॉक्स आणा, आणि सेवा क्रमांक वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून आणा, कारण जुन्या झेरॉक्समध्ये तीन आणि आठ सारखेच दिसतात.